टेअर

भुसावळच्या यार्डात बाबांनी एकतीस वर्षं
वाघिणींवर एकच शब्द रंगवला.
पत्र्याचे चार साचे : टी, ए, आर, ई.
साचा दाबायचा, पांढऱ्या रंगाचा बोळा फिरवायचा,
पुढची वाघीण.
आकडा दर वाघिणीला वेगळा, शब्द तोच.
अर्थ त्यांनी विचारला नाही, कुणी सांगितला नाही.
त्यांच्या लेखी टी म्हणजे खुंटी,
ए म्हणजे घडवंची,
ई म्हणजे दात पडलेली फणी,
आणि आर, एक पाय पुढे टाकून निघालेला
पोट सुटलेला मुकादम.

साचे झिजले, यार्डात नवे आले.
जुने माझ्याकडे.
ऊन मी म्हणत असायचं तेव्हा
अंगणात ते मांडून
मी वरून दादरचं पीठ भुरभुरवायची.
ई-ए-टी. ईट. खा.
जनाक्काच्या कोंबड्या आल्या
आणि हुकूम पाळून गेल्या.
मी ई उचलून शेवटी ठेवला : एट. खाल्लं.
आईने पाठीत एक धपाटा घातला, पिठाचा,
आणि चुलीवर टी-ई-ए ठेवला.
तीन अक्षरं खर्चून
उच्चार पहिल्याच अक्षराच्या नावाचा!
ए-आर-ई म्हणजे आहोत,
तिथेही म्हणायचं नुसतं आर.
इंग्रज इतका उधळ्या असेल
असं वाटलं नव्हतं.

एकदा रावेरचा सुधाममामा चारही साचे घेऊन गेला,
केळीच्या काट्यावर पाटी रंगवायला : रेट.
परत आणले तीन.
ई ट्रॅक्टरच्या सीटखाली राहिला.
महिनाभर आमच्या घरात कान नव्हता,
चहा नव्हता, जमाना नव्हता,
आणि आहोत तर नव्हतंच.
उरले उंदीर, डांबर आणि कला.
तसा काही वाईट गेला नाही तो महिना.

ई परत आला तेव्हा ब्रिजेट मिसनी सांगितलं,
टी-ई-ए-आर.
टिअर म्हटलं तर डोळ्यातलं पाणी,
टेअर म्हटलं तर फाडणं.
बघून कळत नाही, तोंड उघडावं लागतं.
त्या रात्री आईने बोळ्यांसाठी
जुनं लुगडं टर्रकन फाडलं,
मला ते इंग्रजीच वाटलं.

आणि बाबांचा शब्द?
तो मिसनाही येईना.
शाळेच्या कपाटातल्या जाड्या डिक्शनरीत सापडला :
टेअर, रिकाम्या गाडीचं वजन.
धावत घरी आले.
बाबा मोरीपाशी रॉकेलने हात चोळत होते.
"मंग, रिकामाले बी वजन शे ना,"
एवढंच म्हणाले,
आणि नखातला पांढरा रंग काढत राहिले.

आता मी नशिराबादजवळ वजनकाट्यावर बसते.
ट्रक भरलेला येतो, मग रिकामा येतो,
मशीन चिठ्ठी काढतं : ग्रॉस, टेअर, नेट.
भरल्यातून रिकामं गेलं की उरतो तो माल.
बाकी काही त्या चिठ्ठीत मावत नाही.

रविवारी बाबा माझा डबा घेऊन येतात,
कळण्याची भाकरी, ठेचा.
परवा गाडी नव्हती, तर चालत जाऊन
साठ टनी पत्र्याच्या मधोमध उभे राहिले,
चपला काढून, देवळात उभं राहावं तसे.
"कितलं?"
काचेआडून ओरडले, "पन्नास!"
"हाई ग्रॉस का टेअर?"
म्हटलं, डबा बाहेर ठेवून या, मग सांगते.
ते गेले. डबा दगडावर नीट बसवला,
पडतो का ते हलवून पाहिलं,
परत येऊन उभे राहिले.
पन्नास.

आमचा काटा दहा किलोच्या आतलं काही धरत नाही.
हे त्यांना सांगणार होते,
तेवढ्यात मागे ट्रकने हॉर्न दिला
आणि ते हसत उतरले,
आधी डबा उचलायला,
मग चपला.